पडदा ओढला आणि भाऊबंद धावले

आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे काजूची टेकडी होती. आता तिथे काचेची भिंत असलेला बंगला आहे. मांद्र्याच्या आसपास हल्ली टेकड्यांचं असंच होतं. मालक शनिवारी येतात, पोहण्याच्या तलावात पाय सोडून बसतात आणि रविवारी परत जातात. या बंगल्यामुळे माझ्या नवऱ्याला आमच्या घराच्या अब्रूची काळजी लागली.

"समोरचे लोक आपल्या घरात बघतत," तो चहा पिता पिता म्हणाला. "पडदे व्हये."

"कोण बघता?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मीच बघतंय त्यांका."

हे अगदी खरं होतं. बंगल्यातली माणसं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. बघण्याचं सगळं काम आमच्या बाजूने चालतं. कंबरेचं हाड मोडल्यापासून सासूबाई उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. रस्त्याकडच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, त्यांची खुर्ची असते आणि त्यांचा दिवस त्या चौकटीतून जातो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो आणि पोई, कोंड्याचा पाव, गजांतूनच हातात देतो. बसमधून कोण उतरलं, कोणाची सून माहेराहून रिकाम्या हाताने परतली, कोण कोणाशी बोलायचं टाळून पलीकडच्या कडेने गेलं, हे त्यांना तिथे बसून कळतं. खिडकी गेली तर त्यांना उरतो टीव्ही आणि मी. दोघांचाही त्यांना कंटाळा आहे.

पण पणजीच्या ऑफिसात नवऱ्याला 'प्रायव्हसी' हा शब्द नुकताच सापडला होता, आणि तो कुठेतरी वापरल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. घरात मशीन माझी, मापं माझी, कामांची यादी माझी; म्हणून निर्णय त्याचा.

तयार पडदे फ्लॅटच्या खिडक्यांसाठी असतात. आमच्या खिडक्या मातीच्या भिंतीतल्या, एकीचं माप दुसरीला लागत नाही. शिंप्याकडे गेले तर त्याने मानही वर न करता सांगितलं, "चवथीनंतर." चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की पेडण्यात प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर मिळतं, दातदुखी असली तरी. मग मीच बसले.

म्हापशाहून जाड सुती कापड आणलं. सुती कापड आधी पाण्यात भिजवून आटू द्यायचं, मग कात्री लावायची, एवढं मला कळतं. पण ते वाळायला ऊनही लागतं, आणि ते श्रावणात कुठलं? कापड दिवसेंदिवस स्वयंपाकघरातल्या दोरीवर लोंबत राहिलं. खिडकीला लागण्याआधीच पडद्यांना तवशाच्या भाजीचा वास लागला होता.

शिवण सोपं होतं. बाजू दुमडल्या, वर दांडी ओवायला पट्टी ठेवली, खालची दुमड चांगली रुंद घेतली. अवघड भाग नवऱ्याने स्वतःकडे घेतला होता. त्याने ड्रिल लावलं, आणि मातीच्या भिंतीतून स्क्रू मूठभर भिंत घेऊनच बाहेर आला. त्याने भिंतीकडे उशिरा आलेल्या शिपायाकडे बघावं तसं बघितलं. शेवटी लाकडाची खुंटी ठोकून दांडी बसवली. ती डावीकडे उतरली होती. मोबाइलमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप मात्र ती सरळ आहे म्हणत होतं, आणि नवऱ्याने अ‍ॅपवर विश्वास ठेवला.

"बरो शिवलंस गो," सासूबाई मला म्हणाल्या. "आता माका कोंडूक बरो."

पडदा लावला म्हणजे ओढलाच पाहिजे असं नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली होती. सोमवारी ऑफिसला निघताना नवऱ्याने तो आपल्या हाताने ओढला.

पोदेर आला, भोंगा वाजवला, जरा थांबला आणि पुढे गेला. सासूबाईंनी गजांपर्यंत नेलेला हात परत मांडीवर ठेवला. मी त्यांना चहा दिला. थोड्या वेळाने मागच्या दारात माझी चुलतजाऊ उभी. अनवाणी, पदर डोक्यावर, आवाज अगदी खाली.

"वयनी, कधी गो?"

"काय कधी?"

"आई…"

"आई भितर आसत. चाय पितत."

तिने उंबऱ्यावर बसकण मारली. "मगे पडदो कित्याक ओढलो? माझा काळीज पडला!"

आमच्या वाड्यावर दिवसाढवळ्या पुढची खिडकी एकाच कारणासाठी झाकली जाते. हे मला माहीत होतं, पण शिवणाच्या घाईत डोक्यातून गेलं. मला तिचा ऊर भरून आला असं वाटलं, म्हणून मी पाणी आणायला उठले. तेवढ्यात तिने खरं दुःख सांगितलं.

"मूर्ती गणपतीच्या शाळेत रंगाक लागली. गणपतीच्या वर बांधूच्या माटोळयेचा फळा-पानांचा सगळा सामान सांगून झाला. आता सुतक इला तर काय करतलंव? ह्यांनी भटाक फोन पण केलो."

भाऊबंदांत कोणी गेलं की सगळ्या घरांना सुतक, आणि सुतकात गणपती आणता येत नाही. म्हणजे वाड्यावर बातमी पसरली होती आणि घरोघरी शोक सुरू होता, तो हुकणाऱ्या नेवऱ्या-करंज्यांचा.

आतून पडद्याची दांडी खरकन वाजली. सासूबाईंनी काठीनेच पडदा बाजूला सारला होता.

"चवथ होयसर मी मरूचंय नाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "भिया नको. पीठ मळ जा."

संध्याकाळी नवरा घरी पोचायच्या आधीच चुलतदिराने त्याला रस्त्यात गाठलं आणि चवथ होईपर्यंत ती खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. म्हातारी दिसली पाहिजे, म्हणजे सगळ्यांना निर्धास्त राहता येईल. आईचं न ऐकणारा माझा नवरा भाऊबंदांचं मुकाट्याने ऐकतो.

त्यानंतर वाड्यावर प्रेमाला पूर आला. येणारा-जाणारा खिडकीशी थांबू लागला. "आई, जेवलास?" "आई, रात्री झोप लागली मू?" कोणी केळी दिली, कोणी खोकल्याचा काढा. काढा मिळाल्यावर सासूबाई जास्तच खोकू लागल्या. चुलतजाऊ लांबून दिसली की हमखास उबळ. मग ती लगबगीने यायची, गजांतून हात घालून पाठ चोळायची, आणि सासूबाई माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या.

चवथ झाली, गणपती ओहोळात पोचले. दुसऱ्या दिवशी सासूबाई वेणी घालून वेळेवर बसल्या. चुलतजाऊ आली, समोरून छत्री आडवी धरून गेली. सासूबाई खोकल्या. छत्री हलली नाही. त्या पुन्हा खोकल्या नाहीत.

"आता ओढूक हरकत नाय," नवरा पडद्याकडे हात नेत म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. मी स्टूल ओढलं, दांडी काढली, खुंटीही उपटली. पडदा मशीनवर नेला आणि मधोमध कापला. दोन उशांचे अभ्रे चांगले निघाले. नवरा भिंतीतल्या भोकाकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, चुना लाव.

सासूबाईंनी एक उशी पाठीमागे घेतली आणि खुर्ची गजांच्या आणखी जवळ सरकवून मागितली.