लड्डूच्या कागदावर सही कोणाची

तेजराम फुंडे माणूस सोन्यासारखा, पण नियमाचा एवढा पक्का की समोरच्याचं डोकं उठावं. दुर्गजवळच्या कोहक्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, म्हणून माझं डोकं सगळ्यांत जास्त उठतं. मी रेल्वेत गार्ड होतो, नियम मलाही ठाऊक आहेत. पण ड्यूटी संपली की ते मी ड्यूटीवरच ठेवून यायचो. तेजराम पोलादाच्या प्लांटमध्ये, रोलिंग मिलवर इलेक्ट्रिशियन होता, आणि तो ते घरी घेऊन यायचा.

त्याच्या मिलमध्ये मशीनला हात लावण्याआधी वीज बंद करून स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावावा लागे. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी नाही, अगदी साहेबानेही नाही. एकदा एक कामगार टॅग तसाच ठेवून जामुलला आपल्या घरी निघून गेला. साहेब म्हणाले, काढ रे तो, मिल उभी आहे. तेजराम काढेना. शेवटी जीप जामुलला गेली आणि त्या माणसाला भरल्या ताटावरून उठवून आणलं. तोवर मिल दोन तास बंद. तेजरामला मेमो मिळाला, आणि ही हकीकत तो आजही कौतुकाने सांगतो.

"टॅगखाली मानसाचा जीव असते, गुलाबराव. आन टॅगवाल्याले घाई नाही कराची. घाईत मानूस चुकते."

मी हे इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या आधी मीच वाक्य पुरं करतो.

आता लड्डूचं सांगतो. चौदा वर्षांपूर्वी तेजरामची मुलगी भूमिका आठवीत असताना दप्तरात एक गावठी पिल्लू घालून घरी आली. तेजराम पिल्लाशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्याला आंघोळ घालताना मी स्वतः पाहिला. पुढे भूमिका शिकली, बंगळुरूला नोकरीला लागली, आणि लड्डू बापाच्या वाट्याला आला. सकाळचं फिरणं, दुपारची पोळी, दिवाळीत फटाक्यांना घाबरला की पलंगाखाली त्याच्याजवळ आडवं होणं, सगळं तेजरामकडे. मैनाबाई म्हणायच्या, "मले कधी विचारलं नाही जेवली का म्हनून. त्याले तीनदा विचारते." म्हणायच्या हसतच, पण म्हणायच्या.

यंदा लड्डूचा पुढचा पाय सुजला. जनावरांच्या डॉक्टर गीतांजलीने तपासलं. ही दुर्गच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, ड्यूटीवर येता-जाता माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली मुलगी. हाडाचा कॅन्सर निघाला, आणि तो फुप्फुसात पोचला होता. दोन महिने गोळ्यांवर निघाले. मग एका सोमवारी लड्डू उठलाच नाही. गीतांजली घरी आली, त्याच्याजवळ खाली बसली, बराच वेळ त्याच्या छातीवर हात ठेवून राहिली.

"काका, आता गोळ्यांनी दुखणं थांबून नाही राहिलं. याला इंजेक्शन देऊन शांत झोपवणं हेच आता आपल्या हातात आहे. विचार करा, पण जास्त दिवस लावू नका." तिने संमतीचा कागद काढून दिला.

तेजरामने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग कपाटातून लड्डूच्या लसीकरणाचं कार्ड आणलं. त्यावर मालकाचं नाव होतं, भूमिका तेजराम फुंडे.

"नाव तिचं आहे. सही ती करन."

"तुम्ही केली तरी चालते, काका."

"नाही चालत," तेजराम म्हणाला आणि कागद घडी करून कार्डात ठेवला.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन लावला. मी समोर बसलो होतो.

"बाबा, लड्डू कैसा है?"

"आहे. पडून राह्यते. तू कधी येतेस?"

"या हफ्त्यात बहुत काम आहे, बाबा. पुढच्या महिन्यात पाहते. अर्जंट है क्या?"

आणि हा गृहस्थ म्हणाला, "नाही, नाही. तू आपलं काम कर."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कावून नाही सांगतलं तिले?"

"तिची सही आहे. घाई नाही कराची."

माझा पारा चढला. "अरे, तो जीव आहे का मिलची मोटर? तिकडं तो कण्हून राहिला न् तू नियम सांगून राहिला?" त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पण गॅलरीतून मला दिसायचं. ओसरीत सतरंजीवर लड्डू पडलेला, आणि तेजराम त्याच्याशेजारी भिंतीला टेकून. दर थोड्या वेळाने तो त्याची कूस बदलायचा. बदलताना लड्डू कळवळायचा, कधी दात दाखवायचा, आणि मग आपण कोणावर गुरगुरलो हे कळून त्याचाच हात चाटायचा. तेजराम चमच्याने पाणी घालायचा; अर्धं बाहेर यायचं. बुधवारी लड्डूने खाणं सोडलं. गुरुवारी त्याचं कण्हणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. भूमिकाला मीसुद्धा फोन करू शकलो असतो. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. ते माझं चुकलंच.

शुक्रवारी मैनाबाईंनी नवऱ्याला न विचारता फोन केला. बोलता आलंच नाही त्यांना, नुसत्या रडल्या. शनिवारी सकाळी भूमिका रायपूरच्या विमानतळावरून सरळ घरी आली. ओसरीची पायरी चढली आणि तिथेच थांबली. लड्डूने मान उचलायचा प्रयत्न केला, पण ती उचलली गेली नाही.

"बाबा, हे काय आहे? तुम्ही तर म्हणाले, अर्जंट नाही!"

"तुया आहे तो," तेजराम म्हणाला. "नाव तुयं आहे. तुले जबरदस्ती कशी करू?"

"माझा? मी साल में दस दिन येते, बाबा! मले पूरी बात सांगतली असती तर सोमवारीच हो म्हटलं असतं मी. पाच दिवस! ये पाच दिवस किसके लिए थे?"

तेजराम सतरंजीची सरळच असलेली कड पुन्हापुन्हा सरळ करत राहिला. चाळीस वर्षांच्या शेजारात मी त्याला असा पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर त्याला 'हो' म्हणायची भीती वाटत होती. त्याच्या जागी मीही असंच काहीतरी कारण शोधून पाच दिवस काढले असते, म्हणून तर मला त्याचा एवढा राग येत होता.

भूमिकाने कागद मागितला, पायरीवर बसून सही केली, आणि लड्डूच्या पोटाला गाल लावून पडून राहिली. गीतांजली दहाच्या सुमारास आली. पहिलं इंजेक्शन झोपेचं होतं. हळूहळू लड्डूचं कण्हणं थांबलं, ताठरलेला पाय सैल पडला. इतक्या दिवसांनी ओसरी शांत झाली तर ते आम्हालाच सोसेना. मैनाबाई आत निघून गेल्या.

गीतांजलीने दुसरं इंजेक्शन भरलं. कागद झाला होता, सही झाली होती, कोणाला विचारायचं काही उरलं नव्हतं. तरी ती थांबली. लड्डूचं डोकं तेजरामच्या मांडीवर होतं, म्हणून तिने त्यालाच विचारलं.

"काका, देऊ?"

त्याने भूमिकाकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. मग माझ्याकडे पाहिलं. त्याने लड्डूचा कान अंगठ्याने दोनदा सारखा केला.

"दे बाई," तेजराम म्हणाला. "सोमवारीच म्हनाले पायजे होतं म्या. दे."