समुद्रात पडलेली घरे

काही घडत नाही हे डोळ्यांसमोर दिसत असूनही माणूस तेच बटण पुन्हा पुन्हा का दाबतो? एका प्रोग्रामर बाईंनी हा प्रश्न मला विचारला. तो त्यांना कसा पडला आणि उत्तर कुठे मिळाले, ही हकिगत सांगण्याजोगी आहे.

बाई दिवसा एका कचेरीत जमिनीखालच्या गॅसवाहिन्यांचे आराखडे काढत. उरलेला वेळ नकाशे बनवण्याच्या एका मोफत प्रोग्रामला जाई. तो कुणा कंपनीचा नव्हता. देशोदेशींची हौशी माणसे मिळून तो लिहीत, आणि त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा अशी मुभा होती. त्या मंडळींत बाईंच्या शब्दाला वजन होते. नवशिक्यांच्या तक्रारींना त्यांचे उत्तर ठरलेले असे: मदतीचे पान वाचा.

एका रविवारी दुपारी त्यांची वहिनी लॅपटॉप काखोटीला मारून आली. वहिनी दवाखान्याची फिरती परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शन द्यायचे, हे तिचे काम. मधली काही वर्षे तिला औषधांच्या कोठीत बसवले होते. फेरी तिने भांडून परत मिळवली होती. आता नवा नियम निघाला होता. प्रत्येकीने याच प्रोग्रामने आपल्या रुग्णांची घरे नकाशावर आणायची आणि महिनाअखेरीस मेट्रनसमोर ते करून दाखवायचे. जिला जमणार नाही, तिची फेरी दुसरीला जाईल.

"वन्सं, तुमचं हे बाळ माझं काही ऐकत नाही," वहिनी म्हणाली. नणंद वयाने लहान, तेव्हा 'वन्सं' हे केवळ चिडवण्यापुरते. "मला परत गोळ्या मोजायला बसवतील गं. तूच देतेस का करून?"

"आणि मेट्रनसमोर काय मला पर्समधून काढशील? तू कर. मी बघते."

बाई तिच्या मागे खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. दुसऱ्याच्या हातचा माउस हिसकावण्याची त्यांची खोड घरात सर्वांना ठाऊक होती.

वहिनीने शहराचा नकाशा उघडला. प्रत्येक दारात उभे राहून फोनवरून टिपलेले अक्षांश-रेखांशांचे आकडे तिने तक्त्यात भरून आणले होते. कुठला रकाना आधी, कुठला नंतर, असे प्रोग्रामने विचारले. तिने होते त्याच क्रमाने ते दिले आणि बटण दाबले. रस्ते जागच्या जागी राहिले. घर एकही उमटले नाही. तिने पुन्हा दाबले, आणखी एकदा दाबले. डावीकडच्या यादीत एकाच नावाच्या ओळी साचत चालल्या होत्या, पण तिची नजर रस्त्यांवरून हलत नव्हती.

"आलंच नाही बघ काही. माझंच डोकं चालत नाही."

बाईंनी अखेर एक हात सोडवला आणि प्रोग्रामला त्या ओळीतली ठिकाणे असतील तिकडे न्यायला सांगितले. शहर सरकन नाहीसे झाले. निळे पाणी आले, आणि भर समुद्रात सगळी घरे ठिपके होऊन तरंगताना दिसली.

"अगं बाई! माझे पेशंट पोहायला गेले की! एकाला धड उठून बसता येत नाही, आणि हे बघ!"

झाले होते ते साधे होते. फोन उत्तर-दक्षिणेचा आकडा आधी सांगतो. प्रोग्राम पूर्व-पश्चिमेचा आधी मागतो. जाणत्यांच्या ते इतके अंगवळणी पडले होते, की त्यात कुणाला वावगे वाटत नसे. पण बाईंना कोडे पडले ते निराळेच.

"काही होत नाहीये हे दिसत होतं ना? मग तेच बटण परत परत का दाबलंस?"

"म्हणजे काय? दार वाजवलं आणि आतून ओ आली नाही, तर मी परत वाजवते. माणसाला कमी ऐकू येत असेल, उठायला वेळ लागत असेल. लगेच मागे फिरले, तर झालीच माझी फेरी!"

प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींना बाईंनी आधी सुचवले, की असे आकडे प्रोग्रामने आपणच उलटे करून घ्यावेत. प्रकल्पातल्या सर्वांत जुन्या सदस्याने, ज्याला सगळे 'आजोबा' म्हणत, ते मोडीत काढले.

"समुद्रात तरंगत्या खुणा म्हणून बोया टाकणारेही आपलाच प्रोग्राम वापरतात. त्यांच्या बोया उचलून चौकात आणून ठेवणार का?"

बाईंना ते पटले. "बरं, हलवायचं काही नाही. पण ओ तर देऊ या?"

"ओ द्यायला माझी ना नाही," आजोबा म्हणाले.

तेव्हा बाईंनी एवढेच केले: ठिकाणे दिसत्या भागाबाहेर पडली, की प्रोग्राम सांगे, 'ठिकाणे आली आहेत, पण इथून दूर आहेत. तिकडे जाऊन पाहायचे? आकडे उलटे तर दिले नाहीत ना?' ही चाचणीची प्रत त्यांनी वहिनीच्या लॅपटॉपवर घालून दिली.

महिनाअखेरीस मेट्रन शेजारी उभी असताना वहिनीने घाबरून नेमकी तीच चूक केली. रस्ते कोरेच राहिले. तिचे बोट पुन्हा बटणाकडे गेले, आणि तेवढ्यात सूचना आली. ती वाचून वहिनीने समुद्र पाहून घेतला.

"मॅडम, एक मिनिट हं. मंडळी पोहायला गेलीत, बोलावते परत."

रकान्यांची अदलाबदल होताच घरे एकेक करून आपापल्या गल्लीत उमटली. मेट्रनने त्यातल्या एका घराचा जिना कुठल्या बाजूने आहे एवढेच विचारले आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली.

ती सूचना २०१७च्या आवृत्तीपासून सर्वांना मिळू लागली. वहिनी २०२२ साली फेरीच्या कामावरूनच निवृत्त झाली.