मामा आणि कोळशावरची कोंबडी

गव्हाशी इतकं उघड वैर धरणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. हे आमच्या हिचे मामा. गव्हातलं ग्लुटेन कणभरही पोटात जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मामांनी ते इतकं मनावर घेतलं, की गिरणीवाला पिठानं पांढरा होऊन समोरून आला तरी ते रस्ता बदलतात. खरं तर भातावर आणि तांदळाच्या भाकरीवर वाढलेला हा माणूस. घरात त्यांचं काही अडत नव्हतं. पण हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं हे कळलं, त्या दिवशी ते कुणी गेल्यासारखे बसून होते. तेव्हापासून बाहेरचं जेवण बंद. लग्नात पंगतीत फिरून सगळ्यांना आग्रह करकरून वाढणारे मामा कोपऱ्यात पाणी पीत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

मग रोह्यात कोळशावर कोंबडी भाजून देणारं एक साधं हॉटेल निघालं. "जावईबापू, निखाऱ्यात मैदा नसतो!" असं म्हणून मामांनी आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबलं. सोबत घरचा मसाला, भाकऱ्यांचं गाठोडं आणि स्वतःचा चिमटा, कारण हॉटेलातला चिमटा रोटीलाही लागलेला असणार.

"ग्लुटेन फ्री हाय काय?" मामांनी वेटरला विचारलं.

"फ्री फक्त कांदा-लिंबू, काका. बाकी सगळ्याचं बिल होतं."

मामा थेट भट्टीवर गेले आणि आपल्या आतड्यांचा नकाशा हवेत काढून दाखवू लागले. आतडी संपेनात, तेव्हा मालक वैतागून म्हणाला, "मग तुम्हीच भाजा ना!" मामांना तेच हवं होतं. त्यांनी जाळी घासून घेतली आणि ऐटीत कोंबडी परतायला लागले. दोन गिऱ्हाइकांनी त्यांनाच ऑर्डर दिली, मामांनी ती घेतलीसुद्धा.

ताट घेऊन मामा टेबलाशी आले, तेवढ्यात वेटरनं विचारलं, "रोटी किती आणू?"

"एक पण नको," मामी म्हणाल्या आणि त्यांनी सरळ मामांच्या ताटातली भाकरी मोडली.

हे दुखणं लागल्यापासून त्यांच्या ताटाला घरात कुणी हात लावत नसे. पथ्याचं म्हणून सगळे जपायचे.

"अगो, ते माझं हाय!" मामा म्हणाले.

"म्हणून तर घेतलं."

मामा उठले आणि टेबलाभोवती फिरून एकेकाला वाढू लागले. माझं पोट केव्हाच भरलं होतं. पण त्यांनी आग्रह केला आणि मला नाही म्हणवलं नाही.