देवपुजारींनी हात खाली घेतले तेव्हा

प्रताप नगरात आमच्या शेजारी मुकुंद देवपुजारी राहतात. सगळा जन्म विमा कंपनीत कारकुनीत गेला, पण स्वतःला समजायचे संगीतकार. लग्नाकार्यात, गणपतीत सिनेमाची गाणी वाजवणारा चौदा जणांचा ऑर्केस्ट्रा त्यांचा. पुढे उभे राहून हे बायकोची विणकामाची सुई हलवायचे. सुई थांबली तर नागपूर थांबेल, असा रुबाब.

तोंड मात्र सुईपेक्षा टोकदार. बासरीवाल्या अनंतला म्हणायचे, "वाजवून राहिला का चूल फुंकून राहिला गा?" ड्रमवाला संघपाल तर रोजचं गिऱ्हाईक. "तुझ्यापेक्षा आमचा कूलर तालात खडखडते!" संघपाल हसायचा नाही. विसरायचाही नाही.

या माणसाने अकरा वर्षं खपून पाऊण तासाची स्वतःची रचना लिहिली. मरायच्या आधी एकदा ती लोकांसमोर वाजावी, एवढाच ध्यास. यंदा मनीषनगरच्या सभागृहात तो योग आला. पण तालमीत त्यांनी वादकांना इतकं सोलून काढलं, की त्यांच्याकडे बघणंच सगळ्यांनी सोडलं. सगळे गुपचूप संघपालच्या डुलत्या मानेवर ताल धरू लागले.

कार्यक्रमात मधेच अनंतचा एक सूर घसरला. देवपुजारींची जुनी खोड अशी, की चूक झाली की हात खाली घ्यायचे, वाजवणं थांबवायचं आणि चारचौघांत बिनपाण्याने करायची. त्यांनी हात खाली घेतले.

कोणी थांबलंच नाही! उरलेली वीस मिनिटं चौदा जण असे रंगले, की मी ऑर्केस्ट्राचा वैरी असूनही पान थुंकायला उठलो नाही. हे मात्र पुढे ताटकळत उभे, चुकीच्या थांब्यावरून आपली बस जाताना बघणाऱ्यासारखे. लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या.

पडद्यामागे देवपुजारी गरजले, "कोणाले विचारून पुढं गेला बे?"

"तुमच्या कागदाले, सर," संघपाल म्हणाला. "त्यात थांबा असं नव्हतं लिहिलं."

"मी थांबवलं होतं!"

"मले वाटलं, हात दुखून राहिले तुमचे."

आता ते नवं लिहितात, त्यांच्या पत्नी नीलावहिनी मोपेडवरून संघपालकडे पोचवतात. वादक ते वाजवतात, पण यांना बोलावत नाहीत.

परवा मी मुद्दाम विचारलं, "कसं वाजवतात हो?"

"बेसूर!"

"ऐकलं तुम्ही?"

"ऐकायला कशाले पाहिजे? मी नाही ना तिथं!" म्हणाले, आणि दार आपटलं.