कुठलीच शेड बसेना

"ही कोण गं बसलीय आरशात?" असं माझ्या थोरल्या नातीने विचारलं तेव्हा धाकटी हसली. तिला वाटलं, नवरी चेष्टा करतेय. धाकटीच्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात चार कप्प्यांची डबी. तिने थोरलीच्या गालाच्या हाडावर गुलाबी पावडर फिरवली आणि म्हणाली, "तूच हायस ती, येडे. तोंड वर कर." थोरलीने तोंड वर केलं नाही. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग ताटलीतली हिरवी बांगडी उचलली आणि खायची वस्तू असल्यासारखी दातात धरली.

धाकटीने ती बांगडी ओढून काढली. थोरलीला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने खाली केली.

"आजी, हिकडं ये. बघ हे. हळद डोळ्यात जात नाय."

मी उंबऱ्यातून आत गेले. डोळ्याचं पांढरं पार पिवळं होतं.

बाहेर मंडपात भाताची पातेली टेंपोतून उतरत होती. नवऱ्याकडची माणसं खोपोलीहून निघाली होती.

हे आदल्या दिवशीच कळलं असतं. मी कळू दिलं नाही.

आदल्या दिवशी सकाळी थोरलीला हळद लागली. मी विधवा, म्हणून हळदीला हात लावला नाही. लांब बसून बघत होते. पोरीने आठ दिवस धड खाल्लं नव्हतं. हळदीच्या पाटावरच तिला ओकारी आली, ती तिने पदरात दाबली. एक आत्या ओरडली, "आतापासनंच ओकाऱ्या? नवरदेव लईच घाईचा दिसतोय गं!" सगळ्या बायका खिदळल्या. मीपण हसले. त्यानंतर पोर ओकायला गुपचूप गोठ्यामागे जायला लागली. ते आम्हाला नंतर कळलं.

दुपारी तिला आंघोळ घातली. धाकटीने कर्जतला पार्लरचा कोर्स केलेला. बहिणीचा मेकअप मीच करणार, बाहेरची बाई नको, असं तिने सहा महिने आधी सांगून ठेवलं होतं. त्या डबीत चकाकणारी पावडर होती. तिला हायलायटर म्हणतात. गालाचं हाड, नाकाचा शेंडा, भुवईच्या खाली लावतात. तिथे ऊन पडल्यासारखं दिसतं. त्यात चंदेरी, सोनेरी, गुलाबी आणि तांबूस अशा चार शेड होत्या. कुठली बसते ते बघायला तिने थोरलीच्या मनगटावर चार पट्टे ओढले आणि तेच चार स्वतःच्या मनगटावर.

धाकटीच्या हातावर चारही वेगळे दिसत होते. थोरलीच्या हातावर सोनेरी दिसेचना. चंदेरी राखेसारखा दिसला, गुलाबी विटकरीसारखा, आणि तांबूस मार लागल्यावर पडतो तसा डाग. धाकटीने पुसून पुन्हा लावले. मग बेसनाने हात धुतला आणि पुन्हा लावले.

"आजी, हिच्यावर कुठलीच शेड बसना."

"हळद हाय ती," मी म्हटलं. "माझ्या लग्नातली आठ दिवस गेली नव्हती."

"मी हळदीच्या नवऱ्या केल्यात की. असा रंग नसतो. आणि अंग तापलंय हिचं. कर्जतला डॉक्टरला दाखवून आणते. दोन तासात परत येऊ."

थोरली भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मला म्हणाली, "आजी, जाऊ दे ना गं मला." एवढंच म्हणाली.

आमच्यात हळद लागलेली पोर वेशीबाहेर नेत नाहीत. बाधा होते म्हणतात. मी म्हटलं, "हळदीची नवरी दवाखान्यात न्यायची? खोपोलीला कळलं तर काय म्हणतील, आजारी पोर गळ्यात मारली? उद्या लग्न होऊ दे, मग न्या कुठं न्यायचं तिथं."

सून, म्हणजे पोरींची आई, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आमच्या घरात माझा शब्द चालतो. चौथीपर्यंत शिकलेली मी, पण कुळाचार, मानपान सगळं मला विचारून होतं. हळदीला माझा हात चालत नव्हता, नियम सांगायला तोंड मात्र चालत होतं. मी उठून थोरलीच्या कपाळाला हात लावून बघितला असता तरी ताप किती आहे ते कळलं असतं. विधवेने हळदीच्या नवरीला शिवू नये, म्हणून तेही केलं नाही.

धाकटीने डबी बंद केली. "उद्या गुलाबीच लावते," म्हणाली, "बाकीच्यापेक्षा बरी."

दुसऱ्या दिवशी ती गुलाबी एकाच गालाला लागली होती तेव्हा आम्ही थोरलीला पातेल्यांच्या टेंपोत घातलं. कर्जतच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, "आधी ते तोंड पुसा, रंग बघायचाय." धाकटीने स्वतःच्या ओढणीने पुसलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट दाबलं, मला विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, "हळद काल लागली." ते पनवेलला न्यायची चिठ्ठी लिहायला लागले.

कावीळ होती. ती डोक्यात गेली होती. नवरदेव मुंडावळ्या काढून पनवेलला आला, दोन दिवस बाकावर बसून राहिला. मी उगाच खोपोलीला घाबरले होते.

एक दिवस आधी आणली असती तर वाचली असती का, असं धाकटीने विचारलं. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

तिसऱ्या दिवशी थोरली गेली. घरी आणल्यावर बायका म्हणाल्या, लग्नाची पोर आहे, हळद लावून नेऊ. मी म्हटलं, हळद आणायची नाही. ती पिवळीच गेली.

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला नव्या बिल्डिंगा झाल्यात, त्यांचं घाण पाणी झिरपून विहिरीत येत होतं. आम्ही सगळेच ते प्यायचो. धाकटीलाही कावीळ निघाली. तिच्या मनगटावर सगळ्या शेड नीट बसल्या होत्या, तरी निघाली. तिला त्याच दिवशी दवाखान्यात ठेवलं. मला कुणी विचारलं नाही.

सुनेला आणि मला काही झालं नाही. मी सत्तरीच्या पुढे आहे, तेच पाणी प्याले आणि जगले. धाकटी जगली. थोरली नाही.