पेलेनातोमामाची दाढ आणि सांजेचा शंख

पेलेनातोमामा सत्तावीस वर्षं आमच्या बेटावरच्या गावाचा सांजेचा शंख फुंकतोय. शंख झाला की चुली, गप्पा, व्हॉलीबॉल सगळं थांबतं आणि घरोघर प्रार्थना सुरू होते. मामाला दुसरा काही मान नाही. मासेमारीत बेताचाच, आणि चारचौघांत बोलायला उभा केला तर ततपप. पण शंख त्याचा.

त्याची वरची दाढ काढायची ठरली, तेव्हा इस्पितळात दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली मीच होते. दाढेची मुळं थेट नाकाशेजारच्या पोकळीला टेकलेली. बराच वेळ खटपट करून ती निघाली. बाई इंग्रजीत सूचना सांगत होत्या आणि मी त्या मामाला आपल्या भाषेत सांगत होते.

"मामा, तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून. नळीने नारळपाणी नाही, आणि विडी तर नाहीच नाही."

"मग जगू कशाला?" कापसाचा बोळा चावत मामा म्हणाला.

आम्ही हसलो. शंख माझ्या डोक्यातच आला नाही. बाई शहरातल्या, त्यांना कुठून सुचणार? पण मी तर त्या शंखावर लहानाची मोठी झालेय.

संध्याकाळी शंख वेळेवर झाला. मी मान खाली घालून स्तोत्र म्हणायला लागले आणि अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं. शंख मामानेच फुंकला होता! उठून धावावं, तर प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही. आणि प्रार्थना संपल्याचा शंखही तोच फुंकणार. देवा, आज त्याला विसर पडू दे, एवढंच मी मागत होते. एरवी चप्पल कुठे काढली ते विसरणारा माणूस हे विसरला नाही. दुसऱ्या शंखाचा सूर निघाला आणि मध्येच फाटला.

मी पळत गेले. मामा पायरीवर बसला होता, नाकातून रक्त. मामी कप घेऊन उभी.

"अगं, कोको पाजला तर नाकातून बाहेर आला!"

फुंकण्याच्या जोराने दाढेच्या जागी वर पोकळीपर्यंत भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी गालाकडची हिरडी ओढून त्यावर घेतली आणि टाके घातले. "हे धरलं नाही, तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया. मग शंख कायमचा विसरा," त्या म्हणाल्या. हेही मामाला मलाच सांगावं लागलं.

तीन आठवडे मामीने गॅसच्या रिकाम्या टाकीवर लोखंडी कांब बडवून प्रार्थनेची वेळ दिली. लोक चिडवायचे, "पेलेनातो, बायको तुझ्यापेक्षा वेळेवर असते हं!" मामा सगळ्यांना एकच सांगायचा, "सूचना मीच ऐकल्या नाहीत." ते ऐकून मला जेवण जाईना.

टाके काढायच्या दिवशी मी बोलून टाकलं. "मामा, शंखाचं मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

"ठाऊक आहे. सांगितलं असतंस तरी फुंकलाच असता. म्हणून कशाला तुझं नाव घेऊ?"

मला रडू आलं. रागही आला, त्याचाही आणि माझाही.

तीन आठवडे भरल्यावर बाईंनी त्याला नाक चिमटीत धरून, तोंड उघडं ठेवून हलकेच नाकातून जोर लावायला सांगितलं. दाढेच्या जागी बुडबुडा आला नाही. "शंख?" मी विचारलं. "हळू सुरुवात करा," त्या म्हणाल्या. मामाला हळू हा शब्द कधी कळलाय?

त्या सांजेला मी त्याच्याच ओट्यावर जाऊन बसले. शंख झाला, लांबलचक, न फाटता. सगळ्या गावाने माना खाली घातल्या. मी घातली नाही. मी त्याच्या नाकाकडे बघत होते.

मामाने शंख खाली ठेवला, नाकाखालून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. कोरडं होतं.

"बघितलंस? आता डोळे मिट."