वरचा काठ

त्याचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं होतं. चढावर सत्तर, उतारावर अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी एकदा त्याने हे पक्कं केलं आणि पुढची पस्तीस वर्षं तो मोजल्याशिवाय कुठे चालला नाही. बायको दवाखान्यात होती तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात त्याने एकशे चार फेऱ्या घातल्या. ती गेल्याचं डॉक्टर सांगायला आले तेव्हा पुढचा आकडा त्याच्या तोंडात होता, आणि तो गिळायला त्याला बराच वेळ लागला.

मोजणी कार्यालयात त्याला इंचसाहेब म्हणत. साहेब तो कधीच झाला नाही, शेवटपर्यंत भूमापकच राहिला. पण जमीन मोजून कागदावर उतरवायची तर ती त्यानेच उतरवावी, हे त्याची टिंगल करणारेही मानत. मोजणीची वही तो शिकवल्याप्रमाणे पानाच्या तळापासून वर लिहीत जायचा. माणूस जसा पुढे सरकतो तसा आकडाही वर चढला पाहिजे. चुकलेला आकडा रबराने पुसायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. "पुसलेली चूक पुढच्याच्या पायात येते," असं तो नव्या लोकांना सांगे. ते मान हलवत आणि चहाला जात.

स्वतःचं घर त्याने बांधलं नाही. दोन भाड्याच्या खोल्या, एक टेबल, एक दिवा. आठ महिन्यांनी निवृत्त झाला की धाकट्या बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला जायचं ठरलेलं होतं. तिने तिथे पलंग आधीच टाकून ठेवला होता. सध्या त्यावर तिच्याकडे शिवायला आलेले कपडे पडलेले असत. खोलीची खिडकी ओढ्याकडे उघडायची.

तो ओढा त्यानेच मोजला होता, बावीस वर्षांपूर्वी, एका कडक उन्हाळ्यात. नियम तेव्हाही होता आणि आजही तोच आहे: ओढा भरून वाहतो तेव्हा पाणी जिथवर चढतं तो वरचा काठ धरायचा, आणि त्या काठापासून पंधरा मीटरपर्यंत काही बांधू द्यायचं नाही. त्याने काठ धरला, पंधरा मीटर टाकले, रेषा आखली. रेषेच्या पलीकडे अकरा भूखंड पडले. त्यातला शेवटचा त्याने बहिणीला घ्यायला लावला. "डोळे मिटून घे," असं म्हणाला होता.

आता नोटीस आली ती अकराही घरांना. एका रविवारी तो गेला तेव्हा मेहुणा घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून तीच वाचत बसला होता.

"या, इंचसाहेब. तुमच्याच खात्याचं प्रेमपत्र आहे. सही मात्र वाचता येत नाही, नुसता भोवरा काढलाय."

त्याने ती उभ्यानेच वाचली. नवीन विकास आराखड्यानुसार सदर घर ओढ्यालगतच्या निषिद्ध पट्ट्यात येत असून.

"नवीन मशीन आहे," तो म्हणाला. "वरून उडत मोजतं. झाडाच्या शेंड्यालाही जमीन समजतं ते. उद्या दाखवतो त्यांना."

"म्हणजे काळजी नाही ना, दादा?" बहिणीने शिवणमशीनवरचा पाय न काढता विचारलं.

"रेषा माझी आहे."

"ऐकलंस?" मेहुणा बायकोला म्हणाला. "रेषा यांची आहे. आता तू बटणं लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप आणि खुंट्या घेऊन एकटाच गेला. घरामागे थोडी झुडपं, मग शेताचा जुना बांध, मग उतार, मग ओढ्याचा काठ आणि खाली पाणी. सगळं त्याच्या वहीत होतं तसंच. फक्त सांडपाण्याच्या पाइपासाठी कुणीतरी बांधातून आडवा चर खणला होता आणि बांधाचं पोट उघडं पडलं होतं.

तो चरात उतरला. बांध शेतातली माती ओढून घालतात. त्यात ढेकळं असतात, मुळं असतात, फार तर एखादी फुटकी कौलाची कपची. इथे बारीक वाळूचा थर होता. त्याच्यावर गाळ. त्याच्यावर गोटे, अंड्यासारखे गुळगुळीत, सगळे एकाच दिशेला कलंडलेले. त्यावर पुन्हा वाळू. वाहत्या पाण्याशिवाय असे गोटे कुणी रचत नाही.

तो बांध नव्हताच. ओढ्याचा वरचा काठ होता. ज्याला त्याने काठ धरलं, ती कोरड्या वर्षांत पाण्याने आत कापलेली पायरी होती. त्या उन्हाळ्यात वरचा काठ काटेरी झाडोऱ्याने झाकलेला, सरळसोट, माणसाने घातल्यासारखा दिसत होता. त्याने लांबूनच ओळखला होता. ओळखलेल्या गोष्टीजवळ माणूस जात नाही.

टेप टाकला. दोन काठांत चौदा मीटर. तीनदा टाकला, चौदाच.

पुढचा हिशेब करायला त्याला कागद लागला नाही. बहिणीचा भूखंड खऱ्या काठापासून एका मीटरवर सुरू होत होता. मागे तीन मीटर मोकळी जागा, नियमाप्रमाणे. मग नऊ मीटर घर. म्हणजे चौथ्यापासून तेराव्या मीटरपर्यंत ती शिवत होती, स्वयंपाक करत होती, झोपत होती, आणि पंधरापर्यंत काहीच असायला नको होतं. पुढच्या अंगणातला एक मीटर आणि फाटक तेवढं नियमात बसत होतं.

दुपारी त्याने अभिलेख खोलीतून ती वही काढून घेतली. पान सापडलं. तळापासून वर चढत गेलेले आकडे, आणि समासात त्याच्याच टोकदार अक्षरात लिहिलेलं: बांध, झाडोरा. त्या पानावर एकही खोडलेला आकडा नव्हता.

संध्याकाळी त्याने बहिणीला सांगितलं. मेहुणा दुकानातून यायचा होता. ती सुईत दोरा ओवत होती. ऐकून घेतलं, दोरा ओवला, गाठ मारली.

"तुझ्याशिवाय कुणाला कळलंय?"

"मशीनला."

"मशीन बोलतं का, का चुकलं ते?"

"नाही."

"मग तू कशाला बोलतोस?"

तिने कपड्याची शिलाई उसवायला घेतली. म्हणाली, "पलंग ठेवावा की काढावा, तेही कळेना." मग त्याला चहा दिला, आणि त्याने तो प्यायलाही.

सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. आराखड्याच्या अधिकारी बाई तरुण होत्या, नीट बोलायच्या, समोरच्याचं बोलणं कधी तोडायच्या नाहीत. अकरा घरांची माणसं परवानगीचे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांतून घेऊन आली होती. बाईंनी कागद पाहिले.

"परवानगी आहे, हे खरं आहे. परवानगी असलेल्यांना पर्यायी भूखंड मागता येतो, तसा नियम आहे. पण एक प्रश्न राहतो. तेव्हाच्या नकाशात तुम्ही पंधरा मीटरच्या बाहेर होता आणि आता आत आहात. चौदा मीटर ओढा सरकला कसा? पात्रात भराव टाकून पाणी इकडे कुणी वळवलं?"

"भराव?" मेहुणा म्हणाला. "बाई, मी घड्याळं दुरुस्त करतो. आयुष्यात मी केसाएवढा स्क्रू सरकवलाय. ओढा नाही."

काही लोक हसले. बाईही जरा हसल्या, पण समोर कागद होता आणि त्यावर भरावाचा रकाना होता. "चौकशी होईल," त्या म्हणाल्या. "भराव टाकल्याचं ठरलं तर गुन्हा दाखल होतो, पर्यायी जागा मिळत नाही."

मेहुण्याचा चेहरा पांढरा पडलेला त्याने पाहिला. बहिणीने भावाकडे पाहिलं नाही. ती तिच्या पिशवीकडे बघत होती, आणि ते बघणं त्याला सहन झालं नाही.

तो उठून उभा राहिला. "भराव नाही. मोजणीत चूक आहे. मोजणी माझी आहे."

मग त्याने सगळं सांगितलं, चरातले गोटेसुद्धा. बाईंनी लेखी मागितलं. त्याने तिथेच बाकावर बसून दीड पान लिहून दिलं: चूक सर्वस्वी माझी, घरमालकांचा दोष नाही, सबब त्यांना पर्यायी भूखंड मिळावेत. सही, तारीख. अर्ज त्याने पानाच्या वरून खाली लिहिला, लोक लिहितात तसा.

बाहेर मेहुण्याने त्याला विड्याचं पान दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा थट्टा केली नाही. "माणूस आहात," एवढंच म्हणाला. पुढचे काही दिवस अकरा घरांतली माणसं रस्त्यात भेटली की त्याला नमस्कार करायची. निवृत्तीआधी चौकशी लागेल, असं मोजणीत टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या साखळीवाल्याने त्याला सांगितलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पर्यायी भूखंड कुठे मिळतील, तिथून दुकान किती लांब पडेल, याची तो पावलं मोजू लागला होता.

एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि बसायला सांगितलं.

"भरावाचा आरोप गेला," त्या म्हणाल्या. "ते तुमच्यामुळे झालं."

"आणि भूखंड?"

त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. मूळ मोजणी सदोष असल्याचे संबंधित भूमापकाने लेखी मान्य केले असल्याने, त्या मोजणीवर आधारित बांधकाम परवानग्या प्रथमपासूनच रद्दबातल समजण्यात येत आहेत. पर्यायी भूखंडाची तरतूद फक्त वैध परवानगीधारकांस लागू आहे.

त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मी हे लिहिलं नसतं तर?"

"तर भरावाची चौकशी चालली असती. चार वर्षं, पाच वर्षं. भराव सिद्ध झाला नसता कदाचित. परवानगी तोवर उभी राहिली असती." त्यांनी कागद पुन्हा स्वतःकडे फिरवला. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं."

"हरकत घेता येईल का?"

"आराखड्याच्या हरकतींची मुदत तीस दिवसांची होती. संपली. नकाशा तुमच्याच कार्यालयात लावला होता."

हो, लावला होता. पाण्याच्या फिल्टरच्या वर. तीस दिवस तो रोज दोनदा त्याच्यासमोर उभा राहून पाणी प्यायला होता. त्या नकाशाबद्दल त्याने एक लेखी हरकत घेतलीही होती: उत्तरेचा बाण अर्ध्या अंशाने कललेला आहे. बाण दुरुस्त झाला होता. ओढ्याच्या भागाकडे त्याने पाहिलं नाही, कारण तो भाग त्याने मोजलेला होता.

घरी सांगायला तो गेला तेव्हा मेहुणा घरीच होता. ऐकून त्याने भिंग डोळ्यावरून काढलं आणि पुसलं.

"माझ्याकडे घड्याळ पुढे गेलं तर मी काटा मागे घेतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे तसं काही नसतंच का?"

"नसतं."

"मग बोलायचं कशाला होतं, दादा?" त्याने दादा म्हटलं, इंचसाहेब नाही, आणि ते जास्त लागलं. मग तो उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून अकरा घरांतल्या कुणीही त्याला नमस्कार केला नाही, आणि शिवीही दिली नाही.

पाडायच्या आधी भिंतींवर खुणा कराव्या लागतात. कुठवर पाडायचं ते लाल रंगाने आखायचं, शेजारी अंतर लिहायचं. तो विभाग त्याचाच होता. सुट्टी घेता आली असती, दुसरा कुणी गेला असता. तो स्वतःच गेला. साखळीवाला त्या दिवशी आला नाही. अंगात ताप आहे असं त्याने कळवलं होतं, आणि ते खरं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

दहा घरं त्याने एकट्याने केली. टेपचं टोक दगडाखाली दाबायचा, पुढे जायचा, दगड निसटला की परत यायचा. दुपारी तो शेवटच्या घरामागे आला तेव्हा बहीण दारात उभी होती. शिवणमशीन तिने सकाळीच शेजारच्या रस्त्यावरच्या एका बाईकडे पोचवलं होतं. पलंग बाहेर भिंतीला उभा टेकवलेला होता.

"एकट्याने किती चुकेल," ती म्हणाली. "दे इकडे."

तिने टेपचं टोक घेतलं आणि चराजवळ वरच्या काठावर जाऊन बसली.

"शून्य कुठे धरू?"

"गोटे दिसतायत ना, त्यांच्या वर. जिथे गवत सुरू होतं तिथे."

"इथे?"

"अजून थोडं तुझ्याकडे. हां. ताण धर."

तिने ताण धरला. तो टेप घेऊन घराच्या कडेने पुढे गेला, मागच्या खोलीच्या खिडकीवरून, स्वयंपाकघरावरून, पुढच्या अंगणात. पंधरावर थांबला. कुंचला बुडवला आणि कुंपणाच्या भिंतीवर, फाटकापासून एक मीटर अलीकडे, उभी रेघ ओढली. रंग पातळ होता, खाली ओघळला. त्याने शेजारी लिहिलं: १५.००.

"झालं?" मागून तिने विचारलं.

"झालं."

"या वेळी बरोबर आहे ना, दादा?"

"बरोबर आहे."

"मग सोडू?"

"सोड."